पाइप कुठून गेलाय ते आधी सांगा, मग टॉवेलचा हूक लावू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या शनिवारच्या घर-सजावटीच्या पानावर बाथरूमचे जे फोटो येतात ते मी आवडीने बघतो, पण त्यात टॉवेल टांगायला जागाच नसते हे मला कायम खटकतं. टॉवेल असतो, पांढराशुभ्र, गुंडाळी करून बेसिनच्या बाजूला ठेवलेला, शेजारी एक कुंडी. पण घरात पाच माणसं असली की चार टॉवेल, आजोबांचा पंचा, बदलायचे कपडे, वहिनींचा गाऊन, हे सगळं कुठे लटकवायचं? मग पझेशन मिळाल्यावर पहिल्याच रविवारी लोक आमच्याकडे येतात. माझं डोंबिवलीत हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे हूक खपले तर फायदा माझाच, हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की हा स्वतःचाच माल विकतोय.

नव्या घरात टीव्ही लावायला कंपनीचा माणूस येतो, फर्निचरला सुतार येतो, पण बाथरूममध्ये पहिलं भोक पडतं ते टॉवेलच्या हुकासाठी, आणि ते पाडतो कोण तर घरातलाच कोणीतरी शेजाऱ्याचं ड्रिल आणून, नाहीतर नाक्यावरून बोलावलेला पोरगा जो एका भोकाचे पन्नास-शंभर घेतो आणि पुढच्या कामाला जायच्या घाईत असतो. आणि त्या भिंतीत पाण्याचे पाइप आहेत. हल्ली सगळं कन्सील्ड असतं, भिंतीला खाचा पाडून त्यात सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, पाइप बसवायचे, वरून प्लास्टर, वरून टाइल्स, बाहेर दिसतात फक्त नळाची तोंडं. पूर्वी चाळीत आणि जुन्या बिल्डिंगींमध्ये जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पाइप भिंतीवरून उघडे जायचे, दिसायला भिकार पण निदान कुठे आहेत ते आंधळ्यालाही कळायचं.

आमच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो, नाव गाव सोडून. नवीन फ्लॅट, हौसेने घेतलेला, काळ्या फिनिशचे दोन हूक नेले. पोराने डायव्हर्टरच्या, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते फिरवायच्या खटक्याच्या, बरोब्बर वर, हाताला सोयीचं म्हणून, भोक मारलं, गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी, ठोकली, स्क्रू पिळला, टॉवेल लटकला, पैसे घेऊन गेला. पाणी नाही, काही नाही. पाइपला भोक पडलं होतं, पण त्याच भोकात गिट्टी आणि स्क्रू घट्ट बसल्यामुळे तेच बूच झालं. मग रोज थेंब थेंब पाणी प्लास्टरमध्ये मुरत राहिलं, आणि बोंब आली ती खालच्या मजल्यावरून, त्यांच्या बेडरूमच्या छताला फुगे आले, रंग सुटला, मग ओल. दोन घरांचं बोलणं बंद. सोसायटीचा सेक्रेटरी येऊन वॉटरप्रूफिंग करा म्हणाला, वॉटरप्रूफिंगवाला येऊन अख्खं बाथरूम उखडावं लागेल म्हणाला, आणि शेवटी एका म्हाताऱ्या प्लंबरने सगळं बघून झाल्यावर विचारलं, हा हूक कधी लावला? हूक काढला तसा स्क्रूच्या मागोमाग पाण्याची पिचकारी आली. दोन टाइल्स फोडून पाइपचा तुकडा बदलला, पण त्या डिझाइनच्या टाइल्स बाजारात मिळेनात, म्हणून आता तिथे दोन वेगळ्या रंगाच्या टाइल्स आहेत, आणि खालच्यांच्या छताचा रंग वगैरे धरून खर्च गेला हजारांत. सोसायटीने हात वर केले, आणि नियमाने ते बरोबरच होतं, कारण बाहेरच्या कॉमन लाइनची गळती सोसायटीकडे, आतली ज्याची त्याच्याकडे.

असा प्रकार हा एकच नाही हो. आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

बरं, ह्यात त्या पोराची चूक किती धरायची? त्याला भिंतीच्या आतलं दिसत नाही. हल्ली ऑनलाइन ते डिटेक्टर मिळतात, भिंतीवर फिरवले की टूं टूं वाजतात, पण त्यातले स्वस्तातले धातू आणि चालू वायर ओळखतात, सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिक, त्याला ते ढिम्म वाजत नाहीत. म्हणजे काही वाजलं नाही तर माणूस उलट जास्तच बिनधास्त ड्रिल दाबतो.

माहीत असतं ते फक्त बिल्डरला. त्याच्याकडे प्लंबिंगचं ड्रॉइंग असतं, त्याच्या साइट सुपरवायझरने प्लास्टरच्या आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासणं, करताना ती भिंत उघडी बघितलेली असते, तेव्हा मोबाइलवर दोन फोटो काढायला किती वेळ लागतो? आता कायदा काय म्हणतो ते बघा. 2016च्या रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीच्या, कायद्याच्या कलम 19(5)मध्ये लिहिलंय की ताबा मिळाल्यावर घर घेणाऱ्याला आवश्यक कागदपत्रं आणि प्लॅन मिळण्याचा हक्क आहे, आणि कलम 17(2)प्रमाणे, स्थानिक कायद्यात वेगळं काही नसेल तर, बिल्डरने ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत ती सोसायटीच्या ताब्यात द्यायची असतात. त्यात पाइप असा शब्द लिहिलेला नाही हे मान्य, पण मला विचाराल तर राहत्या माणसाला आवश्यक प्लॅन म्हणजे हाच. लिफ्टच्या डक्टचं ड्रॉइंग घेऊन मी काय करू? मला माझ्या बाथरूमची भिंत माहीत पाहिजे.

याच्या उलट बाजूनेही बघा. त्याच कायद्याच्या कलम 14(3)प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने 30 दिवसांच्या आत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. छान आहे. पण बऱ्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात एक कलम असतं की बाथरूम, टॉयलेट, किचनमध्ये गळती होईल असं कुठलंही काम आमच्या लेखी परवानगीशिवाय केलंत तर ही जबाबदारी संपली. म्हणजे भिंतीत काय आहे ते मी तुला सांगणार नाही, आणि तू भोक पाडून पाइप फोडलास तर उद्या खऱ्या लीकेजची तक्रार घेऊन आलास तरी मी तुझ्याच हुकाकडे बोट दाखवणार. ही कुठली पद्धत? काही बिल्डर चावीबरोबर असं ड्रॉइंग देतात, त्यांचं कौतुक, सगळ्यांनीच द्यावं आणि मॉडेल अ‍ॅग्रीमेंटमध्येच महारेराने, म्हणजे ह्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, ते घालावं एवढी माझी मागणी आहे, फुकटात होणारं काम आहे. आणि आमच्याकडे आता जिकडे तिकडे रिडेव्हलपमेंट चाललंय, तर जुन्या सोसायट्यांनी बिल्डरशी वाटाघाटी करताना जिम आणि गझीबो जरा कमी मागावेत आणि हे आधी मागावं.

ड्रॉइंग मिळेपर्यंत काय करायचं, तर अंदाज. पाइप साधारण नळाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडवा जातो, तिरका सहसा कोणी टाकत नाही. म्हणून नळ, डायव्हर्टर, शॉवर, गीझरचे दोन पॉइंट, फ्लशचा अँगल कॉक, ह्या प्रत्येकाच्या उभ्या आणि आडव्या रेषेत हातभर पट्टा सोडून द्यायचा. गीझरची वायर बाहेरच्या स्विचपासून कशी आत आली असेल तेही डोळ्यासमोर आणायचं. त्यातल्या त्यात सेफ भिंत म्हणजे जिच्यावर एकही नळ नाही ती, बहुतेक वेळा दाराच्या बाजूची, पण तिच्या पाठीला किचनचं सिंक किंवा दुसरं बाथरूम नाही ना हे बाहेर जाऊन बघा, कारण चार इंची भिंतीत पाइप कोणाच्याही बाजूचा असू शकतो. आणि ड्रिलच्या बिटला जेवढं खोल जायचंय तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा. लोक बिट दिसेनासा होईपर्यंत दाबतात. टाइल, मागचं सिमेंट आणि दीड इंची स्क्रू, त्याच्या पुढे जायचं कारणच नाही.

आता हुकाकडे येतो, कारण त्यातही लोक फसतात. गिऱ्हाईक येतं, खिशातून लोहचुंबक काढतं, हुकाला लावतं, चिकटलं नाही की म्हणतं हां, हे तीनशेचार, म्हणजे 304 ग्रेडचं चांगलं स्टेनलेस स्टील. अहो नाही. 202 ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, 304लाही नाही. चुंबकाने फार तर 430सारखं चारशेच्या सिरीजमधलं स्टील ओळखता येतं. 304मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, 202मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि म्हणूनच लवकर डाग पडणारं. दोन्हीतला फरक बघायला भंगारवाल्यांकडे आणि स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे एक छोटी बाटली असते, थेंब टाकला की 202वर लालसर होतो, 304वर तसा होत नाही. गिऱ्हाइकासमोर तो थेंब टाकायची तयारी किती दुकानदारांची असते ते तुम्हीच एकदा विचारून बघा. आणि ज्यांचं घर समुद्राकाठी आहे, आमच्या गुहागरसारखं, तिथे 304सुद्धा खाऱ्या हवेत कधीकधी तांबूस पडतं, तिथे 316 मिळालं तर घ्यावं, नाहीतर सरळ चांगल्या पितळेचं.

स्टील सोडून बाजारात जे काही चकाकतं त्यातलं बरंचसं झिंकचं ओतीव असतं किंवा एबीएस प्लास्टिकवर क्रोम मारलेलं. एबीएसला मी नावं ठेवणार नाही, गंजत तर नाही, हलका टॉवेल झेलतं, फक्त ते स्टीलच्या भावात घेऊ नका, हातात घेतलं की वजनावरून कळतं. काळ्या फिनिशची सध्या फॅशन आहे, ती बऱ्याचदा पावडर कोटिंग असते, एकदा अंगठी नाहीतर बादलीची कडी लागून टवका उडाला की तिथून खेळ सुरू. पण खरा खलनायक हुकापेक्षा पाकिटातला स्क्रू असतो! प्लेट स्टीलची आणि आत दिलेले दोन स्क्रू लोखंडी, वरून पॉलिश. पहिल्या पावसाळ्यात त्यांना गंज चढतो आणि हुकाखालून टाइलवर तपकिरी ओघळ उतरतो, मग गिऱ्हाईक येऊन मला म्हणतं तुमचा हूक गंजला. म्हणून हूक कुठलाही घ्या, आठ नंबरचे दीड इंची स्टीलचे स्क्रू वेगळे घ्या, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे.

आणि ते अ‍ॅसिड बंद करा. आपल्याकडे बाथरूम धुणं म्हणजे अ‍ॅसिडची बाटली ओतणं अशी समजूत आहे. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, त्याचा धूर दार लावलेल्या छोट्याशा बाथरूममध्ये भरतो आणि क्लोराइड म्हणजे स्टेनलेस स्टीलचा शत्रूच, मग हूक, नळ, बिजागऱ्या सगळ्यावर ठिपके येतात. बोअरच्या पाण्याने पांढरं साचतं त्याला अर्धं लिंबू किंवा व्हिनेगर लावून पुसलं आणि साध्या पाण्याने धुतलं की जातं. फरशीच्या सांध्यांत भरलेलं ग्राउटही त्या अ‍ॅसिडने खाल्लं जातं आणि मग गळती, म्हणजे फिरून तिथेच.

हूक की रॉड, हा एक कायमचा वाद आहे. रॉडवर टॉवेल पसरला जातो, लवकर वाळतो, पण दोन फुटाच्या रॉडवर दोन टॉवेल कसेबसे बसतात. चार बाय सात फुटाच्या बाथरूममध्ये रॉड लावायचा कुठे, दार उघडलं की कोपर लागतं. हुकाला जागा कमी लागते पण टॉवेलच्या चुण्या पडतात आणि मधला भाग ओलाच राहतो. सोलापूरचा जाड टेरी टॉवेल, 75 बाय 150 सेंटिमीटरचा, साडेचारशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमचा, म्हटला तर कोरडाच अर्धा किलो भरतो, ओला झाला की त्याहून बराच जड. जुलै महिन्यात तो हुकावर वाळेल ही आशाच सोडा, अंग पुसून झालं की बाहेर पंख्याखाली टाकायचा. आमचे वडील आयुष्यभर पंचा वापरायचे, पिळला, झटकला, की दोन तासांत कडक. मी पंचाच्या बाजूचा आहे, पण घरात माझं कोणी ऐकत नाही.

पट्टीवर पाच हूक असलेला जो प्रकार मिळतो तो मी शक्यतो देत नाही. पाच हुकांवर पाच माणसांचे ओले टॉवेल, वर जीन्स, आणि सगळा भार टोकांच्या दोन स्क्रूंवर. त्यापेक्षा सुटे हूक, प्रत्येकाचा वेगळा, मध्ये निदान वीतभर अंतर ठेवून. हुकाचं टोक बोथट, जरा रुंद असलेलं बघा, टोकदार हुकाने टॉवेलला कायमचं टेंगूळ येतं आणि मुलांच्या डोळ्याच्या उंचीला असेल तर भीतीच. काही हुकांचे स्क्रू दिसत नाहीत, आधी भिंतीवर छोटी पट्टी बसवायची, त्यावर हूक चढवायचा आणि खालून एक इवलासा स्क्रू अ‍ॅलन कीने, म्हणजे वाकड्या षटकोनी किल्लीने, आवळायचा. दिसायला झकास, पण तो इवलासा स्क्रू काही महिन्यांनी सैल होतो, हूक डुगडुगायला लागतो आणि लोकांना वाटतं भिंत सोडली. अ‍ॅलन की शोधली तर ती पाकिटाबरोबर कचऱ्यात गेलेली असते. ती दोन रुपयांची की ड्रॉवरमध्ये टाकून ठेवा.

चिकटवायचे हूक घ्यावेत का, असं भाड्याने राहणारे बरेच जण विचारतात, डिपॉझिट कापतील म्हणून. घ्या की, पण टाइल गुळगुळीत असेल तरच. मॅट किंवा खरखरीत टाइलवर, नाहीतर ऑइलपेंटवर ते टिकत नाहीत. टाइल आधी स्पिरिटने पुसायची, साबणाचा आणि तेलाचा थर जायला हवा, पूर्ण कोरडी करायची, चिकटवून दाबून धरायचं, आणि मग एक दिवस त्याला काहीही टांगायचं नाही. हा एक दिवस कोणी थांबत नाही. सकाळी चिकटवला, दुपारी बाथरूममध्ये वाफ, संध्याकाळी ओला टॉवेल, रात्री धप्पकन आवाज. मग कंपनीला शिव्या.

भोक पाडायचंच ठरलं तर टाइल कुठली आहे ते बघा. भिंतीवरच्या साध्या सिरॅमिक टाइल्स मऊ असतात, पाणीही बऱ्यापैकी पितात. हल्ली भिंतीलाही व्हिट्रिफाइड लावतात, त्या कडक, अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी पाणी शोषणाऱ्या, तिथे साधा काँक्रीटचा बिट नुसता गरम होतो आणि घसरतो. भाल्याच्या टोकासारखा काच-टाइलचा बिट वेगळा मिळतो तो घ्या, फारच कडक असेल तर डायमंडचा. जागेवर मास्किंग टेपची फुली चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही. आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारायचा मोड, बंद, बंद म्हणजे बंद, ते बटण फिरवायचं कष्ट कोणी घेत नाही आणि टाइलला कोपऱ्यापर्यंत तडा जातो. टाइल पार झाली, मागची वीट किंवा काँक्रीट लागलं, की मग हॅमर. त्याआधी नाण्याने टाइल वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर मागे सिमेंट भरलेलंच नाही, तिथे भोक पाडू नका, तडकणार. टाइलच्या कडेलाही नको, दोन-तीन बोटं आत या.

मागची भिंत कशाची आहे ह्यावर पुढचं सगळं. लाल विटेत सहा नंबरची गिट्टी मस्त बसते. काँक्रीटच्या भिंती असलेल्या नव्या टॉवरमध्ये साधं ड्रिल रडतं, तिथे चांगलं हॅमर ड्रिल लागतं, पण एकदा बसलं की हलत नाही. आणि सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटचे, ब्लॉक असतील, बिटमधून पांढरी मऊ भुकटी आली की ओळखायचं, तर तिथे हॅमर अजिबात मारू नका, भोक मोठं होऊन जातं, लांब गिट्टी घ्या, आठ नंबरची, आणि भोक गिट्टीपेक्षा तसूभर लहान पाडलं तरी चालेल. राखाडी नायलॉनची जी गिट्टी आपण वापरतो ती आर्टुर फिशर नावाच्या जर्मन माणसाने 1958 साली काढली, स्क्रू आत जाईल तशी फुगून भिंतीला धरते, एवढीच त्यातली गोम. आणि आपण काय करतो? भोक मोठं झालं की काडेपेटीच्या काड्या कोंबतो. काड्या भिजतात, कुजतात, सहा महिन्यांत हूक हातात. एक नंबर मोठी गिट्टी घ्या ना, दोन रुपयांची आहे. गिट्टी ठोकायच्या आधी भोकातली भुकटी फुंकून काढा आणि बाथरूम असेल तर भोकात थोडं सिलिकॉन सोडा, म्हणजे स्क्रूच्या वाटेने पाणी प्लास्टरमध्ये जाणार नाही.

एक विषय मात्र गंभीर आहे आणि त्यावर तुमच्या पेपरने वेगळं लिहावं असं मला वाटतं. घरात वयस्कर माणसं असली की ती बाथरूममध्ये आधार म्हणून जे हाताला येईल ते धरतात, आणि हाताला येतो टॉवेलचा रॉड. कमोडवरून उठताना, ओल्या फरशीवरून वळताना, सगळं वजन त्या दोन स्क्रूंवर. टॉवेलचा रॉड दोन-चार किलोसाठी असतो. आधाराचा जो खरा ग्रॅब बार असतो तो वेगळा, जाड पाइपचा, दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रूंची गोल प्लेट, अमेरिकेच्या नियमात तो 250 पौंड म्हणजे सुमारे 113 किलो झेलला पाहिजे असं आहे. आणि तो सिपोरेक्सच्या भिंतीत साध्या गिट्टीवर लावला तर त्याला काहीच अर्थ नाही, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट, लागतो, जाणकार माणसाकडूनच करून घ्यावा. दुकानात आईवडिलांसाठी म्हणून कोणी रॉड मागितला की मी आधी विचारतो, टॉवेल टांगायला की धरायला? काही जण चिडतात. पण कमोडच्या आणि शॉवरच्या हाताच्या अंतरावर टॉवेलचा रॉड लावूच नये, तिथे लावायचा तर ग्रॅब बारच लावा, टॉवेल काय त्यावरही वाळतो.

उंचीबद्दल फार बोलत नाही, एवढंच की लावणारा सहा फुटी पोरगा स्वतःच्या खांद्याच्या हिशोबाने खूण करतो आणि घरातल्या पाच फुटी काकू आयुष्यभर टाचा उंच करतात. जी व्यक्ती वापरणार तिला उभं करून खूण करा. साधारण पाच-सव्वापाच फूट बहुतेकांना चालतं, मुलांसाठी एक हूक साडेतीन-चार फुटांवर वेगळा लावा, म्हणजे टॉवेल जमिनीवर फेकायचं कारण तरी उरणार नाही. पीव्हीसीच्या दाराला स्क्रूचा हूक मारू नका, आतून पोकळ असतं, पहिल्या ओल्या टॉवेलला उपटून येतो, दारावर अडकवायचा वरून लोंबणारा हूक मिळतो तो बरा, फक्त दार नीट लागतंय ना ते बघा.

शेवटी, ज्यांच्याकडे आत्ता बाथरूम तोडून नवीन करायचं काम चाललंय त्यांना एक विनंती. पाइप टाकून झाले, प्रेशर टेस्ट झाली, की प्लास्टरवाल्याला अर्धा तास थांबवा. भिंतीला मेजरिंग टेप लावून, एकदा जमिनीपासून उभी, एकदा कोपऱ्यापासून आडवी, अशा प्रत्येक भिंतीचे समोरून फोटो काढा, आकडे वाचता आले पाहिजेत. नुसते फोनमध्ये ठेवू नका, फोन बदलतात, प्रिंट काढून घराच्या अ‍ॅग्रीमेंटच्या फाइलीत लावा, आणि घर विकाल तेव्हा चावीबरोबर नव्या मालकाला द्या.

आपला,
एक हार्डवेअरवाला,
डोंबिवली (पूर्व)